जिवंत खुंट

४ मार्च

पोचले एकदाची. स्टेशनाबाहेर संस्थेची जीप होती आणि जीपला टेकून एक गृहस्थ माझ्या नावाचा पुठ्ठा उलटा धरून उभे होते. मी मान वाकडी करून तो वाचला आणि सांगितलं, ती मीच. त्यांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं, तो सुलटा केला आणि म्हणाले की मघापासून लोक का हसतायत ते आत्ता कळलं. त्यांना इथे सगळे मामा म्हणतात. दगड कापायच्या करवतीवर त्यांची अख्खी हयात गेली आहे. शिवाय जीप, शिड्या, दोर आणि गुहेची किल्ली हे सगळं त्यांच्याकडेच असतं. मीही मामा म्हटलं तर म्हणाले, "मग तू भाची झालीस. भाचीला मॅडम म्हणायचं नसतं." हा प्रश्न असा पहिल्या पाच मिनिटांत निकालात निघाला.

खोली प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर आहे. पलंग, टेबल, लोखंडी कपाट आणि दोन खिडक्या. एकीतून डोंगर दिसतो, दुसरीतून पाण्याची टाकी. पाणी दिवसाआड येतं, कारण लागोपाठ तिसरं वर्ष कोरडं चाललंय. मामींनी माझ्यासाठी पडदे शिवून लावले होते. अंदाजाने शिवल्यामुळे वीतभर आखूड झालेत. मला फार आवडले.

आईचा फोन आला. नक्की काम काय हे तिने परत विचारलं, कारण शेजारीपाजारी ती मी हवामान खात्यात आहे असं सांगून मोकळी होते. मी परत सांगितलं. गुहेच्या छतातून पाणी ठिबकतं. पाण्यात विरघळलेला चुना असतो, तो थेंब पडला की कणभर मागे राहतो. थेंबावर थेंब पडत हजारो वर्षांत खाली दगडाचा खुंट उभा राहतो. पुस्तकात त्याला ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ म्हणतात, पण मामा खुंट म्हणतात आणि मीही तेच म्हणणार. खुंट उभा कापला की झाडाच्या खोडासारखे थर दिसतात. पाऊस भरपूर तर थर जाड, दुष्काळ असला तर केसाहून बारीक. थराची पूड यंत्रात घातली की कुठल्या काळी किती पाऊस पडला ते निघतं. आई म्हणाली, म्हणजे जुन्या पावसाचा पंचनामा. इतकं नेमकं मला माझ्या मुलाखतीत बोलता आलं नव्हतं.

६ मार्च

आज गुहा पाहिली. बाहेरचं दालन मोठं आणि कोरडं आहे. त्यात पडक्या खुंटांचे तुकडे पसरलेत. पुढे सरपटत जायची एक वाट, तिथे मामांचं पोट अडकतं आणि ते दर वेळी त्या दगडाला दोष देतात. मग आतलं दालन. खोलीएवढंच. मधोमध एकच खुंट आहे, माझ्या छातीएवढा उंच, वर निमुळता, खाली खांद्यासारखा रुंद होत गेलेला. माथा ओला. वरून थेंब पडतो, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा थेंब. या तीन कोरड्या वर्षांतही तो थांबलेला नाही. मामांनी ओळख करून दिली की हा संस्थेतला सगळ्यात जुना कर्मचारी, एका दिवसाची रजा नाही.

संचालकबाईंनी पहिल्याच भेटीत नियम सांगितला होता. पडलेलं उचलायचं, उभ्याला हात लावायचा नाही. जिवंत खुंट एकदा मोडला की परत होत नाही. मी अगदी मनापासून मान डोलावली.

१९ मार्च

कामाने वेग घेतला आहे. मामा करवतीवर, मी भिंगाखाली. करवतीवर पाण्याची धार सोडून ते दगड असा कापतात की वाटावं साबणाची वडी आहे. चाकाचा आवाज असतो तोपर्यंत बोलत नाहीत, आणि चाक थांबलं की अर्धवट राहिलेली गोष्ट बरोबर त्याच शब्दापासून पुढे सुरू करतात. मामींचा डबा आम्ही दोघं खातो. मी आले तेव्हापासून तो एकाचा दोघांचा झालाय हे मला उशिरा लक्षात आलं.

एकच अडचण आहे. पडके तुकडे फार जुने आहेत. त्यांच्यातली नोंद मोठ्या दुष्काळाच्या ऐन तोंडाशी येऊन थांबते. गावच्या तळ्याच्या गाळावरून एवढं माहीत आहे की तो दुष्काळ दोन पिढ्या चालला. तो संपला कसा, हळूहळू की एकदम, हे कोणालाच माहीत नाही. आणि टाकी रिकामी झाली की या गावाला तेवढंच विचारायचं असतं. पुढच्या महिन्यात सगळ्यांसमोर मला आलेख मांडायचा आहे. अर्धा आलेख. आता घ्या, दुष्काळाची सुरुवात सांगायला मी इतक्या लांबून आले.

उत्तर आतल्या दालनात उभं आहे. पेन्सिलीएवढी बारीक कांडी काढली तरी पुरेल.

२ एप्रिल

आज आतल्या दालनात अपघात झाला. खुंट मोडला. कोणाला लागलं नाही. बाकी उद्या लिहीन.

३ एप्रिल

काल लिहिलं, खुंट मोडला. मराठी भाषा फार सोयीची आहे. झाड पडलं, कप फुटला, खुंट मोडला. कोणी काही केलेलंच नसतं.

मी मोडला.

मामा बाहेरच्या दालनात दोर गुंडाळत होते. छोटं ड्रिल मी पिशवीत टॉवेलात गुंडाळून नेलं होतं. खुंटाच्या वरच्या भागात, मागच्या बाजूने, कोणाच्या नजरेत येणार नाही अशा जागी टोक लावलं. भोक परत चुन्याने बुजवायचं असंही ठरवलं होतं. दोन बोटं आत गेल्यावर दगड संपला. आत पोकळ लागलं. मी सगळा भार टाकून रेटत होते, ती तशीच पुढे गेले आणि माझ्या अंगाखाली तो मानेशी मोडला, मग खालचाही भाग त्याच्या बुडावरून निसटून आडवा झाला. आवाज फार मोठा झाला नाही. पांढरी धूळ उडाली, ती नाकातोंडात गेली. मागे फक्त गुडघ्याएवढं सपाट बूड राहिलं आणि वरून त्याच्यावर थेंब पडला.

मामा सरपटत आले. पहिलं विचारलं ते मला लागलं का. मग त्यांनी पाहिलं. धूळ अजून खाली बसत होती, त्यांचाही खोकला थांबेना. मी म्हटलं की हा आधीच तडकलेला असणार. त्यांनी खाली बसून तुकड्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "काल सामानाची पेटी मीच ओढली ना इथून. याच्या खांद्याला काहीतरी घासलं होतं खरं."

मी गप्प बसले. मी एकही खोटा शब्द बोलले नाही. ड्रिल पिशवीत होतं.

५ एप्रिल

संचालकबाईंनी दोघांना बोलावलं. मामांनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, पेटी माझ्याच हातून लागली. बाईंनी मला विचारलं की तुम्ही पाहिलंत का. मी म्हटलं, मी पाहिलं नाही. पेटी लागताना मी खरंच पाहिलेलं नाही, कारण ती लागलेलीच नाही.

त्यांची किल्ली माझ्याकडे दिली. करवत बंद. जीप बंद. इतक्या वर्षांनंतर मामांनी आता भांडारात बसून खोकी मोजायची. ते बाहेर येताना माझ्यासाठी दार धरून उभे राहिले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई मला एकटीला म्हणाल्या की झालं ते वाईट झालं, पण मोडलाच आहे तर कापून घ्या, निदान तुमच्या कामाला येईल.

९ एप्रिल

तुकडे वर आणले. करवत मीच चालवली. मामांसारखी सरळ जात नाही.

आधी खालच्या तुकड्याचा तळ कापला, तो बुडाला जिथे चिकटलेला होता ती बाजू. मोठा दुष्काळ तिथेच आहे. केसाहून बारीक थर, एकावर एक, मातकट, धुळीचे, मोजता मोजता डोळे दुखले. आणि मग ते संपतात. त्यांच्यावर एकदम बोटभर जाड, दुधासारखा पांढरा थर आहे. त्यात वर्षाची एकही रेघ नाही. असा थर वर्षानुवर्षं बसत नाही, तो काही दिवसांत बसलाय. असं कुठेही होत नाही. त्याच्यावरचे थर मात्र नेहमीसारखे, जाड, स्वच्छ. म्हणजे पाऊस परत आला होता.

मग वरचा तुकडा करवतीला लावला. अर्ध्यात पातं वेगळं वाजायला लागलं. दगडाचे दोन भाग झाले आणि मी ते पुस्तकासारखे उघडले.

कवटी होती. दात सगळे जागच्या जागी. जबडा मिटलेला. दुधाळ थर तिच्याभोवती घट्ट बसलेला, ओठ जिथे असतील तिथेही. आणि मागून आत शिरलेलं, पेन्सिलीएवढं, गोल, नवंकोरं भोक.

खांद्यासारखा रुंद, असं मी पहिल्या दिवशी लिहिलं होतं. ते खांदेच होते. कोणीतरी त्या बुडावर बसलं होतं आणि वरून थेंब पडत होता.

हे आजच सांगायला हवं होतं. उठून बाईंना सांगायचं, एवढंच. पण मग हाडांचे जाणकार येणार, तुकडे जोडणार आणि पहिला प्रश्न त्या भोकाचा विचारणार. दोन्ही भाग मी स्वेटरात गुंडाळून कपाटात खालच्या खणात ठेवले. माणूस कपाटात ठेवलं मी.

१२ एप्रिल

बोटांच्या पेरांवर पांढरं धरतंय. धुतलं की जातं आणि सुकलं की येतं. पाण्यात चुना जास्त असेल.

दुपारी मामा आले होते. मी कसा आलेख करते ते बघायला आले असं म्हणाले, पण आलेखाकडे पाहिलं नाही. दाराशीच उभे राहिले. मग म्हणाले की भाची, तुझ्या पहिल्याच कामात माझ्यामुळे बट्टा लागला, मला माफ कर. मान खाली होती त्यांची. इतका मोठा माणूस, आणि माझ्यासमोर मान खाली.

मी म्हटलं, जाऊ द्या हो मामा.

माझ्या तोंडून हे शब्द आले. मोठ्या मनाने माफ केल्यासारखे. ते थोडे हसलेसुद्धा. ते गेल्यावर मी बेसिनपाशी जाऊन ओकले. पाण्यात पांढरे कण होते.

१६ एप्रिल

आलेख मांडला. दुष्काळ कसा संपला ते कधी नव्हे इतकं स्पष्ट दिसतंय असं सगळे म्हणाले. एक दिवस कोरडं, दुसऱ्या दिवशी पाणी. कोणी तरी विचारलं की इतक्या एकाएकी व्हायचं कारण काय असेल. मी म्हटलं, त्यावर अजून काम सुरू आहे. टाळ्या झाल्या. बाईंनी पाठ थोपटली.

मामा मागच्या रांगेत खुर्च्या लावत होते. टाळ्या तेही वाजवत होते.

संध्याकाळी मामींनी डबा पाठवला, अभिनंदन म्हणून. मला गिळवला नाही. घास तोंडात फिरत राहतो, कोरडा, पिठासारखा.

१९ एप्रिल

टेबलाशी बसले होते. कपाळावर थेंब पडला. छत पाहिलं. कोरडं. खुर्ची सरकवली, काम सुरू केलं. बऱ्याच वेळाने दुसरा पडला. मधला वेळ मला ओळखीचा वाटला.

फिरत राहिलं की पडत नाही. बसलं की पडतो.

२१ एप्रिल

डॉक्टरांकडे गेले. जीभ दाखवली. तिच्यावर पांढरा पापुद्रा आहे, मधोमध, कडक. डॉक्टरांनी खरवडायचा प्रयत्न केला, जमलं नाही. म्हणाले, पाणी पुष्कळ प्या, काळजी कमी करा. आणि बोलण्याचा त्रास होतो का असं विचारलं. मी म्हटलं, नाही. न बोलण्याचा होतो हे त्यांना कसं सांगणार.

आईचा फोन घेतला नाही. माझा आवाज ऐकला की तिला कळेल.

२३ एप्रिल

भांडारात गेले होते. मामा खोक्यांमध्ये बसलेले. नुसते बसलेले. हाक मारली तर मान सावकाश वळली. त्यांनी हात पुढे करून दाखवला. पांढरा. मनगटापर्यंत. बोटं पूर्ण मिटत नव्हती. म्हणाले, त्या दिवशीची धूळ बहुतेक. तुला नाही ना झालं काही?

मी हात पाठीमागे घेतले. नाही म्हटलं.

मग त्यांनी एकच मागितलं. बाईंकडे माझ्यासाठी एक शब्द टाक, करवत तेवढी परत द्या म्हणावं, खोकी मोजून माणूस दगड होतो.

"बघते," मी म्हटलं.

बघते. काय बघते मी.

२६ एप्रिल

आज गेले बाईंकडे. सांगितलं. जीभ वळत नव्हती, तरी सांगितलं. ड्रिल, भोक, सगळं. मामांची काही चूक नाही. कपाटात कवटी आहे.

त्यांनी दार लावलं. म्हणाल्या की अहवाल वर गेला आहे. मामांनी स्वतःच कबूल केलं आहे. तुमचा आलेख सगळीकडे पोचला आहे. तुम्ही आत्ता काही बोलला नाहीत आणि मी काही ऐकलं नाही. जा, विश्रांती घ्या, तब्येत बरी दिसत नाही तुमची.

जिन्यात आले तेव्हा बरं वाटलं. हलकं वाटलं. आपण सांगितलं, आता आपल्या हातात नाही. आख्खा जिना मी बरं वाटून घेत उतरले.

याची लाज त्या सगळ्याहून जास्त आहे. भांडार तळमजल्यावर होतं. दार उघडं होतं. सांगायचं त्यांना होतं, बाईंना नाही. मी दारावरून पुढे गेले.

२८ एप्रिल

गुडघे वाजतात. रात्री उभ्याने झोपते, भिंतीला टेकून. आडवं झालं की थेंब.

मामा आले. किल्ली मागितली. एकदा आत जाऊन बसून यायचं आहे, म्हणाले. जिथे चूक झाली तिथे थोडं बसलं की बरं वाटेल. ओठांच्या कोपऱ्यांना पांढरं होतं त्यांच्या.

नको म्हणायला हवं होतं. जाऊ नका, तिथे बसू नका. मला माहीत होतं तिथे बसल्यावर काय —

दिली. त्यांना काहीतरी देता आलं म्हणून आनंदाने दिली.

२९ एप्रिल

मामी सकाळीच आल्या. हे काल घरी आले नाहीत. तुझ्याकडे आहेत का.

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग तोंडाकडे. यांनाही असंच झालंय, म्हणाल्या. मग दोघांची मिळून काय चूक झाली गं?

वही पिशवीत टाकते आहे.

निघाले आहे. जीपची किल्ली बाईंच्या टेबलावरून घेतली. कोणाला विचारलं नाही.

२९, गुहेत

दार उघडंच होतं. सरपटताना गुडघे वाकेनात, ओढत आले.

बसलेत. बुडावर. बॅटरी पायाशी, अजून जळतेय. हात मांडीवर. मांड्या आणि हात एक झालेत, मध्ये फट दिसत नाही. खांद्यांवर दुधासारखं. ओठांवर. फक्त डोळे. डोळे माझ्याकडे फिरले.

थेंब पडतोय. भराभर. इथे कधीच इतका भराभर —

सांगितलं. जीभ दातांवर वाजत होती. मी मोडला, मामा. पेटीने नाही. मी. मुद्दाम नेलं होतं ड्रिल. तुम्ही माफी मागितली तेव्हाही मला माहीत होतं. टाळ्या वाजवल्यात तेव्हाही.

काही हललं नाही. मग गालावर तडा गेला, बारीक. मग ओठाशी. पापुद्रा गळला आणि त्यांनी श्वास घेतला. मी दोन्ही हातांनी सोललं. हात, मांड्या, मान. माझी नखं गेली. ते रडत होते की पाणी होतं —

उभे राहिले. माझा आधार घेऊन. मग त्यांना वळवताना माझाच तोल गेला. गुडघे. आता माझ्या मागे बूड होतं.

बसले.

नंतर

मला उठता येत नाही. ओढून पाहिलं त्यांनी. दोनदा. मग थांबले. माझ्याकडे पाहत उभे होते. बराच वेळ. मी विचारलं नाही काय विचार करताय. म्हणाले, "एक शब्द टाक म्हटलं होतं मी तुला. एक."

मग म्हणाले, माणसं घेऊन येतो.

बॅटरी ठेवून गेले. पिशवीतून वही काढता आली. उजवा हात अजून —

डोक्यावर पडतोय. थंड नाही. कोमट आहे.

सरपटण्याचा आवाज. मग पावलं. मग दार ओढल्याचा. मग कुलूप.

सवय आहे ती त्यांची. इतकी वर्षं दार उघडं टाकून कधी गेले नाहीत. सवयीनेच लावलं असेल. येतील. हाक मारली, तोंडातून नुसती पूड —

येतील. म्हणाले ना, येतो.

आणि सवय नसेल, तर तेही बरोब